एक तारा मंदावला आणि खोडदला स्पंदक सापडला

हिवाळा सुरू झाला की रियाधमधली आमची मराठी मंडळी एखाद्या गुरुवारी रात्री गाड्या काढून वाळवंटात जातात. शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, हवा गार असते. इथले लोक अशा सहलीला ‘कश्ता’ म्हणतात. शेकोटी पेटते, चहा होतो आणि मग कोणीतरी म्हणतंच, “तुम्ही संशोधन करता ना, मग आकाशातलं काहीतरी सांगा की!”

अशा वेळी मी ययाती तारकासमूहातल्या एका ताऱ्याकडे बोट दाखवते. त्याचं नाव अल्गोल. हे नाव अरबीच आहे. ‘रास अल-घूल’ म्हणजे राक्षसाचं डोकं. हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो, काही तास तसाच राहतो आणि परत पूर्वीसारखा होतो. सर्वांत मंद असताना त्याचं तेज नेहमीच्या एक तृतीयांशाहूनही कमी असतं. हा फरक दुर्बिणीशिवाय, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून कळतो. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या तरुणाने त्याचं एक कारण सुचवलं. अल्गोलभोवती दुसरं काहीतरी फिरत असावं आणि ते आडवं आलं की आपल्याला उजेड कमी मिळत असावा. त्याचा अंदाज बरोबर निघाला. आपण ज्याला एक तारा समजतो ती ताऱ्यांची जोडी आहे.

दुसरा तारा गुडरिकला दिसला नव्हता. फक्त उजेड कमी-जास्त होत होता आणि तेवढ्यावरून त्याने न दिसणारा जोडीदार ओळखला. आजच्या लेखात आपण हीच युक्ती न्यूट्रॉन ताऱ्याच्या जोडीला लावून पाहणार आहोत. या गोष्टीचा एक महत्त्वाचा भाग जुन्नर तालुक्यात घडला आहे.

न्यूट्रॉन तारा दिसत नाही, मग मोजायचं काय?

मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो. तेव्हा त्याचा गाभा दाबला जाऊन कधी कधी न्यूट्रॉन तारा बनतो. त्याचं वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त, पण व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर, म्हणजे पुणे शहरात मावेल एवढा. त्याचा पृष्ठभाग सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा तीनशे कोटींहून अधिक पट लहान असतो. त्यामुळे तो कितीही तापलेला असला तरी हजारो प्रकाशवर्षांवरून त्याचा दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत नगण्यच पोहोचतो.

पण तो एखाद्या साध्या ताऱ्याभोवती फिरत असेल तर त्याच्या शेजाऱ्याकडे पाहता येतं. अशा जोडीतून आपल्याला मिळणारा उजेड मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे शेजारच्या ताऱ्याची तापलेली बाजू. हे दोघे इतके जवळ असतात की शेजाऱ्याची एकच बाजू कायम न्यूट्रॉन ताऱ्याकडे राहते, जशी चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते. ती बाजू शेकून निघते. ती आपल्याकडे वळली की जोडी उजळ दिसते, पलीकडे गेली की मंद. म्हणजे एका फेरीत तेजाचा एक चढ आणि एक उतार.

दुसरं कारण आकाराचं. न्यूट्रॉन ताऱ्याच्या ओढीने शेजारी गोल न राहता अंड्यासारखा लांबट होतो. आडवा दिसला की उजेड जास्त, टोकाकडून दिसला की कमी. असं एका फेरीत दोनदा होतं.

तिसरं ठिकाण म्हणजे तबकडी. शेजाऱ्याकडून ओढला गेलेला वायू सरळ खाली पडत नाही. तो न्यूट्रॉन ताऱ्याभोवती गरगरत राहतो, त्याची चपटी तबकडी बनते आणि ती तापून चमकते. तबकडीचा उजेड नियमित नसतो, तो सारखा लुकलुकत असतो.

तेज मोजायला खगोलशास्त्रात ‘प्रत’ वापरतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पट फरक, पाच प्रतींचा म्हणजे शंभर पट. अंधाऱ्या वाळवंटात नुसत्या डोळ्यांनी साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. आपण ज्या जोडीबद्दल बोलणार आहोत ती साडेसोळा ते साडेसतराव्या प्रतीच्या आसपास असते, म्हणजे डोळ्यांच्या मर्यादेपेक्षा दहा हजार पटींहून अंधूक.

पावणेपाच तासांची फेरी

या जोडीचं नाव पीएसआर जे१०२३+००३८. आपण तिला जे-१०२३ म्हणू. ती षडंश या फिकट तारकासमूहात आहे, आपल्यापासून साधारण ४५०० प्रकाशवर्षं दूर.

२००२ मध्ये तिची ओळख एक सामान्य श्वेत बटूची जोडी म्हणून झाली. श्वेत बटू म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा उरलेला गाभा. शेजाऱ्याचा वायू ओढणारे श्वेत बटू खूप आहेत, त्यातलीच ही एक असं वाटलं. २००१ साली घेतलेल्या तिच्या वर्णपटात तबकडीच्या खुणाही होत्या.

पुढे जॉन थॉर्स्टन्सन आणि इव्ह आर्मस्ट्राँग या दोघांनी तिचं तेज आणि वर्णपट पुन्हा मोजले. २००५ मध्ये त्यांचा लेख आला. तबकडी गायब होती. सूर्यासारख्याच पिवळसर ताऱ्याचा वर्णपट दिसत होता. तेज दर पावणेपाच तासांनी एकदा चढत आणि एकदा उतरत होतं. तेज चढलेलं असताना तारा थोडा जास्त गरम दिसे. याचा अर्थ त्याची एक बाजू कोणीतरी शेकत होतं, पण शेकणारा दिसत नव्हता.

मग त्यांनी हिशोब केला. ताऱ्याची बाजू एवढी तापायला न दिसणाऱ्या जोडीदाराने किती ऊर्जा टाकली पाहिजे? उत्तर आलं, सूर्यापेक्षाही जास्त. सूर्याहून जास्त ऊर्जा टाकणारा श्वेत बटू दृश्य प्रकाशात लपून राहिला नसता. तेव्हा त्यांनी लिहिलं की इथे श्वेत बटू नसून बहुधा न्यूट्रॉन तारा आहे.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने केलेल्या पाहणीत याच जागी एक स्पंदक सापडला. स्पंदक म्हणजे स्वतःभोवती फिरताना दीपगृहासारखा रेडिओ लहरींचा झोत फिरवणारा न्यूट्रॉन तारा. हा १.६९ मिलिसेकंदात एक गिरकी घेतो, म्हणजे सेकंदाला ५९२ गिरक्या. अ‍ॅन आर्चिबाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. तेजाच्या आलेखावरून बांधलेला अंदाज खरा ठरला होता.

या जोडीच्या आकाराची कल्पना यावी म्हणून एक गणित. दोघांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या दुप्पट धरा आणि फेरी पावणेपाच तासांची. केप्लरच्या नियमाने दोघांमधलं अंतर येतं सुमारे १२ लाख किलोमीटर. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे या दोन ताऱ्यांमधलं अंतर सूर्याच्या पोटात मावेल.

तबकडी आली, रेडिओ थांबला

इतका वेगाने फिरणारा स्पंदक हे स्वतःच एक कोडं होतं. पहिला मिलिसेकंद स्पंदक १९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर आणि सहकाऱ्यांना सापडला. त्या गटात कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा ते बर्कलीत पीएचडी करत होते. तो स्पंदक सेकंदाला ६४२ गिरक्या घेत होता. स्पंदक वयाबरोबर मंदावतात, मग हा एवढा वेगात कसा?

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका गटाने आणि बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी वेगवेगळं काम करून एकच उत्तर सुचवलं. म्हातारा, मंदावलेला न्यूट्रॉन तारा शेजाऱ्याचा वायू ओढतो. तो वायू तबकडीतून गरगरत येऊन त्याच्यावर पडतो आणि त्याला फिरकी देतो. लहान मुलांच्या चक्राला आपण बाजूने हात मारत राहतो तसं. लाखो-कोट्यवधी वर्षांनी वायू संपतो, तबकडी जाते आणि उरतो वेगाने फिरणारा रेडिओ स्पंदक.

कल्पना पटण्यासारखी होती. पण वायू ओढणारी जोडी आणि रेडिओ स्पंदक या दोन अवस्था एकाच ताऱ्यात कोणी पाहिल्या नव्हत्या. जे-१०२३ मध्ये २००१ ला तबकडी होती आणि २००७ ला रेडिओ स्पंदक, म्हणून तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

जून २०१३ च्या उत्तरार्धात जे-१०२३ चे रेडिओ स्पंद थांबले. त्यानंतरच्या निरीक्षणांत जोडी सुमारे एक प्रतीने उजळलेली आढळली, म्हणजे अडीच पट. वर्णपटात हायड्रोजनची रेषा दोन शिखरांची दिसू लागली. तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते, म्हणून रेषा अशी दुभंगते. गॅमा किरण सुमारे पाच पट वाढले. तबकडी परत आली होती. दहा वर्षं उलटून गेली तरी ही अवस्था टिकून होती.

उलटा प्रवास आणि खोडद

आता दुसरी जोडी. ती नरतुरंग तारकासमूहात आहे, त्रिशंकूच्या साधारण ११ अंश वर. तिचं जुनं नाव एक्सएसएस जे१२२७०-४८५९. तिलाही सुरुवातीला श्वेत बटूची जोडीच समजलं गेलं होतं. पुढे तिच्या जागेवरून गॅमा किरण येत असल्याचं लक्षात आलं आणि शंका वाढली. रेडिओ स्पंद मात्र सापडत नव्हते.

१४ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर २०१२ या पाच आठवड्यांत कधीतरी ही जोडी मंदावली. दृश्य प्रकाशात दीड ते दोन प्रतींनी, म्हणजे चार ते सहा पट. क्ष-किरण किमान दहा पट कमी झाले. वर्णपटातल्या तबकडीच्या रेषा पुसल्या गेल्या. केस बासा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे मांडलं आणि सुचवलं की तबकडी गेली आहे, तेव्हा इथे आता रेडिओ स्पंदक दिसू शकेल.

तो स्पंदक सापडला नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण पुण्याची एनसीआरए ही संस्था चालवते. आमच्यापैकी कित्येकांनी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन पाहिलं आहे. मी शाळेच्या सहलीत गेले होते आणि लक्षात राहिलं ते एवढंच की तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात.

जयंता रॉय, भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी ६०७ मेगाहर्ट्झवर या जागेचा वेध घेतला. १.६९ मिलिसेकंदांचे स्पंद मिळाले, फेरी ६.९ तासांची. फेरीच्या मोठ्या भागात स्पंद दिसत नाहीत, कारण शेजाऱ्याच्या अंगावरून उडालेला वायू आडवा येतो. स्पंदकाचं नाव ठेवलं पीएसआर जे१२२७-४८५३. शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. जे-१०२३ उजळली तेव्हा रेडिओ थांबला. जे-१२२७ मंदावली तेव्हा रेडिओ सुरू झाला. तबकडी आत घुसली की रेडिओ स्पंद बंद होतात. वायू कमी पडला की स्पंदकाचा झंझावात उरलेला वायू उडवून लावतो. १९८२ ची कल्पना खरी होती आणि तिच्यात एक सुधारणाही करावी लागली. वायू ओढण्याचा काळ एकदाच संपत नाही, तो काही वर्षांत जाऊन परतही येऊ शकतो. २०१३ मध्येच एम२८ या तारकागुच्छातल्या आणखी एका जोडीने हे दोन्ही रूप काही आठवड्यांच्या अंतराने दाखवलं.

रेडिओ दुर्बिणीचा वेळ मोजका असतो. कुठे आणि कधी पाहायचं हे जे-१२२७ च्या बाबतीत मंदावलेल्या उजेडाने सांगितलं.

सेकंद आणि मिलिसेकंद

आतापर्यंत आपण वर्षांत आणि तासांत होणारे बदल पाहिले. तबकडी असताना जे-१०२३ चा वेध दर काही सेकंदांनी घेतला तर आणखी एक गोष्ट दिसते. तिचं तेज दोन पायऱ्यांवर उड्या मारतं. वरच्या पायरीवर काही सेकंद किंवा काही मिनिटं, मग काही सेकंदांत खालच्या पायरीवर, परत वर. क्ष-किरणांत हे ठळक दिसतं, दृश्य प्रकाशातही आढळतं.

जून २०२१ मध्ये दोन रात्री जमिनीवरच्या आणि अवकाशातल्या १२ दुर्बिणींनी एकाच वेळी या जोडीचा वेध घेतला. आमच्या शेजारच्या अबू धाबीतल्या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मारिया क्रिस्टिना बाग्लिओ यांनी या कामाचं नेतृत्व केलं. त्या दोन रात्रींत तेजाने २८० हून अधिक वेळा पायरी बदलली. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं: वायू आत सरकतो, स्पंदकाच्या झंझावातावर आदळून तापतो आणि चमकतो, ही वरची पायरी. मग तो वायू झोताच्या रूपात बाहेर फेकला जातो, ही खालची पायरी. जागा रिकामी होते, नवा वायू येतो आणि चक्र चालू राहतं.

त्याआधी २०१७ मध्ये इटलीच्या गटाने ला पाल्मा बेटावरच्या ३.५८ मीटर दुर्बिणीला अतिवेगवान मोजयंत्र लावून दाखवलं की जे-१०२३ चा दृश्य प्रकाशसुद्धा १.६९ मिलिसेकंदांच्या तालावर स्पंदतो. मिलिसेकंद स्पंदकाचे दृश्य प्रकाशातले स्पंद पहिल्यांदाच मिळाले. ते नेमके कसे तयार होतात, तबकडी असताना वायू ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो की वाटेतच अडवला जातो, यावर अजून वाद चालू आहे.

वाळवंटातून मोजायचं तर

मिलिसेकंद स्पंद आपल्या आवाक्याबाहेर आहेत. पावणेपाच तासांची फेरी मात्र ३५-४० सेंटिमीटरची दुर्बीण आणि चांगला कॅमेरा असेल तर मोजता येते. एका रात्रीत पूर्ण फेरी बसते. जे-१२२७ इथून सोपी नाही. रियाधहून ती क्षितिजावर जेमतेम १६ अंश चढते, तिचा प्रकाश साडेतीन पट जास्त हवेतून आणि धुळीतून येतो. खोडदला ती २२ अंशांपर्यंत जाते. जे-१०२३ इथे ६६ अंश चढते.

माझी पहिली रात्र सांगते, कारण तिच्यातून शिकण्यासारखं आहे. एका मित्राच्या दुर्बिणीतून मी एकेक मिनिटाच्या प्रतिमा घेतल्या. दोन तासांत आलेख छान उतरताना दिसला आणि मला वाटलं, मिळाला उतार! सकाळी त्याच प्रतिमांत शेजारचे तारे मोजले, तर तेही सगळे तसेच उतरत होते. रात्री हवेत धूळ चढली होती. मी ताऱ्याचं नाही, धुळीचं मोजमाप केलं होतं.

म्हणून पहिला नियम: एकट्या ताऱ्याचं तेज कधी मोजू नये. त्याच प्रतिमेतल्या, साधारण तेवढ्याच तेजाच्या आणि तशाच रंगाच्या स्थिर ताऱ्याशी तुलना करायची. धूळ दोघांनाही सारखीच झाकते, तुलनेत ती वजा होते. आणखी एक तिसरा तारा तपासणीसाठी ठेवायचा. त्याचा आलेख सपाट आला तरच आपल्या आलेखावर विश्वास ठेवायचा.

दुसरा नियम वेळेचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश वर्षात कधी आठ मिनिटं लवकर, कधी आठ मिनिटं उशिरा पोहोचतो. पावणेपाच तासांत आठ मिनिटं कमी नाहीत. वेगवेगळ्या महिन्यांतल्या रात्री एकत्र करताना ही दुरुस्ती केली नाही तर चढ-उतार एकमेकांवर बसत नाहीत.

तिसरा नियम, एका रात्रीवर समाधान मानू नये. तबकडीच्या लुकलुकण्यामुळे एका फेरीचा आलेख ओबडधोबड येतो. चार-पाच फेऱ्या एकावर एक ठेवल्या की लुकलुक पुसट होते आणि तापलेल्या बाजूचा चढ वर येतो. माझा तिसऱ्या रात्रीनंतर दिसू लागला.

जे-१०२३ शोधायची वेळ फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. सिंहेतली मघा पाहा आणि हात लांब करून एका मुठीपेक्षा थोडं जास्त दक्षिणेला या, किंचित पूर्वेला. डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही, कॅमेऱ्याला दिसेल. एखाद्या रात्री तिची सरासरी साडेसोळाव्या प्रतीच्या जवळपास न येता साडेसतराच्या आसपास आली, तपासणीचा तारा सपाट राहिला आणि दुसऱ्या रात्रीही तेच मिळालं, तर तबकडी गेली असण्याची शक्यता आहे. ती बातमी रेडिओ दुर्बिणींना हवी असते. जे-१२२७ मंदावली ती नेमकी तारीख आपल्याला आजही पाच आठवड्यांच्या आतबाहेरच सांगता येते, कारण त्या दिवसांत तिच्याकडे कोणी रोज पाहत नव्हतं.

आणि ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांच्यासाठी पुढच्या कश्त्याला अल्गोल आहेच.